आणि तुम्ही कुठे बसणार?

ताई, स. न.

तुमचं सदर आमच्या घरी सासूबाई मोठ्याने वाचून दाखवतात. त्यामुळे हे पत्र त्यांच्या नकळत लिहितेय खरी, पण छापलंत तर त्यांच्याच तोंडून ऐकावं लागणार!

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. मी 45 वर्षांची, शाळेत गणित शिकवते. मिस्टर 51, मुलगा अकरावीत, सासूबाई 72. दिवाळीच्या सुट्टीत अहमदाबादहून व्हिएतनामला, हनोईला जायचं जवळजवळ ठरलंय. घोडं अडलंय ते तिथल्या हालाँग बे या उपसागरातल्या एका रात्रीच्या बोटीवर. मुलाने व्हिडिओ बघून हट्ट धरलाय. बोटीवर राहायचं, कयाक म्हणजे छोटी वल्ह्याची होडी चालवायची, गुहेत शिरायचं, टिटॉप नावाच्या बेटावर चढायचं. मिस्टर म्हणतात, एका रात्रीसाठी एवढा खर्च म्हणजे अक्षरशः पैसे पाण्यात. सकाळी जाऊन रात्री परत येऊ. शिवाय त्यांचा डावा गुडघा दुखतो. आणि सासूबाईंनी आमच्या हरणी तलावातल्या अपघातानंतर सांगूनच ठेवलंय की या घरातलं कुणी होडीत पाय ठेवायचा नाही. तिकडेही गेल्या वर्षी जुलैत बोट उलटली होती म्हणे, तेही कुणीतरी त्यांना मोबाइलवर दाखवलं. त्या शाकाहारी आहेत, आणि चातुर्मासात कांदा-लसूणही खात नाहीत.

मला पोहता येत नाही. पण माझं काय, मी बसेन बोटीवर सासूबाईंजवळ, बॅगा आणि मोबाइल सांभाळत. तर जावं का? कोणती बोट घ्यावी? आणि सासूबाईंना न्यावं की नणंदेकडे ठेवावं?

– एक वाचक, बडोदे

*

जा. रात्रीचीच बोट घ्या. आणि सासूबाईंना विचारा; त्या ‘ठेवायची’ वस्तू नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे, घाईत लिहून गेलात.

तुमच्या पत्रात मुलाचा हट्ट आहे, मिस्टरांचा गुडघा आहे, सासूबाईंची भीती आहे. तुमच्याबद्दल दोन वाक्यं, आणि त्यातलं एक बॅगांचं. त्यावर बोलायचंच आहे मला, पण आधी मिस्टरांचा हिशेब मिटवू, कारण तो सोपा आहे आणि गणिताच्या बाईंना तो मांडून दाखवता येईल.

हनोईपासून धक्क्यापर्यंत एक्सप्रेसवेने अडीच ते तीन तास. सकाळी जाऊन रात्री परत यायचं म्हणजे पाच-सहा तास बसमध्ये आणि चार-पाच तास पाण्यावर. तेही भरदुपारी, जेव्हा सगळ्या बोटी त्याच दोन-तीन ठिकाणी एकामागोमाग एक लागलेल्या असतात. गुहेत शिरायला रांग, बेटाच्या जिन्यावर रांग, फोटोच्या कठड्याशीही रांग. संध्याकाळ झाली की हे दिवसाचे लोक परत जातात. मग उरतात मुक्कामाच्या बोटी, ठरवून दिलेल्या जागी नांगर टाकून उभ्या. सूर्यास्त, रात्र आणि सकाळचे सहा ते आठ, पैसे मोजायचे ते एवढ्यासाठी. ज्याला एवढ्यात रस नाही त्याने खरंच दिवसाची सहल करावी, त्यात कमीपणा काही नाही. पण तुमच्या मुलाला तेच हवंय, आणि मला दाट संशय आहे की तुम्हालाही.

एक मात्र मिस्टरांना कबूल करून टाका. जाहिरातीत ‘दोन दिवस, एक रात्र’ असं लिहिलेलं असतं, त्यातले दोन दिवस खरे नव्हेत. दुपारी बाराच्या सुमारास बोटीवर चढवतात, दुसऱ्या दिवशी साडेनऊ-दहाला खोली रिकामी करायला लावतात, मग जेवण आणि नाश्ता यांच्या मधलं काहीतरी खाऊ घालून बाराच्या आत धक्क्यावर सोडतात. म्हणजे एकूण चोवीस तासही नाहीत, आणि त्यातले सात-आठ झोपेचे. मध्यम दर्जाच्या बोटीला माणशी साधारण शंभर ते दोनशे डॉलर पडतात. त्यात हनोईची ने-आण धरली आहे का, कयाकचे वेगळे घेतात का, पाण्याची बाटली किती महाग, हे आधी लेखी विचारून घ्या. पेयांचं बिल शेवटच्या सकाळी हातात येतं तेव्हा बरेच चेहरे उतरतात.

आता बोट कोणती? लोक खोलीचे फोटो बघून बोट ठरवतात. गोल खिडकी, पलंगावर टॉवेलचा हंस, बाल्कनीत दोन खुर्च्या. अहो, त्या खोलीत तुम्ही झोपण्यापुरत्याच असणार. बघायचा असतो तो तासागणिक कार्यक्रम. तो मागवा, आणि कुठल्या वेळी काय, कुठे, किती पायऱ्या, हे बारकाईने वाचा.

नेहमीचा हालाँगचा मार्ग असा. दुपारी सुंग सोत गुहा, मग टिटॉप, मग लुओन गुहेत कयाक. सुंग सोत प्रचंड आहे. 1901 मध्ये फ्रेंचांच्या नजरेस पडली तेव्हापासून लोक तिथे जाऊन ‘अबब’ करतायत, ते बरोबरच आहे. पण आत-बाहेर मिळून पायऱ्या भरपूर, आणि त्या दमट. टिटॉपला चारशेच्या वर पायऱ्या, उभ्या. वरून दिसतं ते मात्र सुंदर, खाली सगळीकडे चुनखडीचे सुळके आणि मधून मधून पांढऱ्या बोटी. (बेटाला नाव सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोव्हचं. 1962 मध्ये तो हो चि मिन्ह यांच्याबरोबर तिथे आला होता. तुमच्या अकरावीवाल्याला सांगा, आवडेल.) हे तिन्ही एका दुपारी उरकायचं म्हणजे मार्गदर्शक सतत घड्याळाकडे बघणार आणि मिस्टर सतत गुडघ्याकडे.

म्हणून तुमच्या घरासाठी मी हालाँगच्या दक्षिणेकडचा लान हा बेचा मार्ग सुचवेन. पाणी तेच, सुळके तसेच, बोटी कमी. 2023 मध्ये युनेस्कोने हालाँगच्या जागतिक वारशात कॅट बा द्वीपसमूहही जोडला. लान हा बे त्याच कॅट बा बेटाला लागून आहे. इथे कयाकने ‘अंधारी-उजेडी’ नावाच्या गुहेतून जाता येतं. काही बोटी एका रात्रीच्या कार्यक्रमातही व्हिएत हाय या गावी नेतात, तशीच शोधा. धक्क्यापासून गावापर्यंत पाचेक किलोमीटरचा सिमेंटचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना कॅट बा राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, मध्ये एक छोटा बोगदा, आणि शेवटी भातशेतीचं गाव. मुलगा सायकलने जाईल, गुडघावाले आणि सासूबाई विजेच्या गाडीने. सगळे एकाच ठिकाणी पोहोचतात, एकच गोष्ट बघतात, आणि कुणाला कुणासाठी थांबावं लागत नाही. चार वयांच्या चौघांसाठी यापेक्षा चांगली सोय मला तरी माहीत नाही. कॅट बावरचा पिवळट डोक्याचा लंगूर जगात दुसरीकडे कुठेच नाही, आणि तिथेही शंभराच्या आतच उरलेत. तो दिसेल या आशेवर मात्र जाऊ नका.

हरणीबद्दल. सासूबाईंच्या भीतीला ‘उगाच’ म्हणू नका, मुलालाही म्हणू देऊ नका. 18 जानेवारी 2024 ला आपल्या शहरातल्या तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली, 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. तुम्ही स्वतः शिक्षिका आहात, तुम्हाला काय वाटलं असेल ते मी सांगायला नको. त्याआधी 1993 मध्ये सुरसागर तलावातही असंच घडलं होतं, त्यांच्या पिढीला ते चांगलं आठवतं. ज्या बाईने आपल्याच गावात हे दोनदा पाहिलं, तिने होडीला नाही म्हणणं शहाणपणाचं आहे.

आणि त्यांना दाखवलेला तो व्हिडिओही खरा आहे. 19 जुलै 2025 ला हालाँगमध्ये दुपारच्या फेरीची बोट अचानक आलेल्या वादळात उलटली. 49 जण होते, मृतांचा आकडा चाळिसाच्या घरात गेला. त्याही आधी, 2011 च्या फेब्रुवारीत, टिटॉपजवळ रात्री नांगरून ठेवलेली बोट पहाटे बुडून 12 जण गेले. हे सगळं त्यांच्यापासून लपवून त्यांना नेऊ नका. उद्या बोटीवर कुणीतरी बोलता बोलता सांगेल आणि मग रात्रभर त्या डोळ्याला डोळा लावणार नाहीत.

पण धडा काय घ्यायचा तेही बघा. हरणीच्या होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. या दोन गोष्टी तुम्ही स्वतः डोळ्यांनी तपासू शकता, त्यासाठी बोटीतलं काही कळावं लागत नाही. जुलैचं वादळ तुमच्या हातात नाही, पण महिना हातात आहे. तिकडे जून ते सप्टेंबर वादळांचे, ऑक्टोबरात ती ओसरायला लागतात, नोव्हेंबर कोरडा आणि गारवा असलेला. तुमची दिवाळीची सुट्टी त्या मानाने छान जमून आलीय. सुट्टीतले सुरुवातीचे दिवस टाळून शेवटचे धरता आले तर आणखी बरं. वादळाचा इशारा असला की बंदराचे अधिकारी मुक्कामाच्या बोटी सोडतच नाहीत. मग पैसे परत की दुसरी तारीख, हे आरक्षण करताना विचारा आणि उत्तर जपून ठेवा. बोट रद्द झाली म्हणून घरात कुणी हळहळलं तर सासूबाईंच्या हवाली करा त्याला.

बोटवाल्यांना आणखी दोन-तीन प्रश्न. बोटीचा सांगाडा लाकडी की पोलादी? (वरून बहुतेक पांढऱ्याच, 2012 मध्ये हालाँगच्या प्रांताने तसा नियमच केला होता, त्यामुळे रंगावरून काही कळत नाही.) मी पोलादी घेईन. बांधणी कुठल्या वर्षाची? चढल्यावर सुरक्षेची माहिती देतात का? खोलीत पोहोचलात की सामान टाकून आधी जॅकेटं शोधा, माणशी एक आहे का मोजा, आणि खोलीपासून उघड्या डेकपर्यंत एकदा चालून या. सासूबाईंना बरोबर घेऊन चाला. मी पाहिलंय, घाबरणाऱ्या माणसाला समजूत घालून जे होत नाही ते त्या दोन मिनिटांच्या चालण्याने होतं. आणि हेही सांगा की रात्री बोट चालत नाही, चहूकडून बेटांच्या आडोशाला उभी असते. बेटं लाटा अडवतात, म्हणून तिथलं पाणी एरवी तळ्यासारखं संथ असतं.

हे पत्र छापून येईल तेव्हा दिवाळीला दोनेक महिने असतील. त्याआधी एका रविवारी सासूबाईंना सुरतजवळच्या हजिराच्या फेरीबोटीत बसवा. हजिरा ते घोघा, खंभातच्या आखातातून गाडीसकट नेणारी मोठी बोट, 2020 च्या नोव्हेंबरात सुरू झाली. तीन-चार तासांचा प्रवास, बसायला खुर्च्या, चहा, खिडकी. त्यांना बोट सोसते का, पोटात ढवळतं का, जिना चढवतो का, सगळं कळेल, तेही आपल्या राज्यात, आपली भाषा बोलणाऱ्या लोकांत. आणि त्यांना आमिष म्हणून कोळियाकचं निष्कलंक महादेव आहे, घोघ्यापासून जवळच. भरतीत पिंडी पाण्याखाली जातात, ओहोटीत समुद्र मागे सरकला की चालत जाऊन पाणी घालता येतं. ओहोटीची वेळ बघून निघा, नाहीतर नुसता ध्वज बघून परत यावं लागेल. या फेरीनंतरही त्या ‘नाही’ म्हणाल्या तर ते ‘नाही’ अगदी मनापासूनचं, त्याचा मान ठेवा, आणि नणंदेकडे जायचं की घरीच राहायचं हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. पण माझा अंदाज आहे, ‘बोट म्हणजे होडी नव्हे’ हे वाक्य घोघ्याच्या धक्क्यावर त्याच तुम्हाला ऐकवतील.

त्यांच्यासाठी त्रासाची जागा एकच आहे, आणि ती कुठल्याच जाहिरातीत दिसत नाही. मोठी बोट बेटाला लागत नाही. प्रत्येक वेळी छोट्या नावेत उतरून जायचं आणि परत चढायचं. नाव आणि बोट यांच्यामध्ये हातभर फट असते, ती कमी-जास्त होत राहते. खलाशी हात पुढे करतो. त्याचा पंजा धरायचा नाही. त्याने आपलं मनगट धरायचं आणि आपण त्याचं. नाव वर येते त्या क्षणी पाऊल टाकायचं, खाली जात असताना नाही. पदर, ओढणी, पर्स यातलं काही लोंबतं नको. सासूबाई नऊवारी-पाचवारी काहीही नेसोत, पण बोटीवरच्या त्या दिवसापुरता पंजाबी ड्रेस आणि मागे पट्टा असलेली सँडल यांना तयार करा. हे एवढं त्यांना जमत असेल तर बाकी काही अवघड नाही. खोली घेताना फार जिने नकोत आणि इंजिनाच्या डोक्यावर नको, असं सांगून ठेवा. जनरेटर रात्रभर घुमतो.

जेवणाचं. तिथे जवळजवळ सगळ्यात माशाचं पाणी घालतात, नुओक माम म्हणतात त्याला, भाज्यांतसुद्धा. त्यामुळे ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. ‘चाय’ म्हणा, म्हणजे शाकाहारी. तिथले बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, आणि त्या जेवणात बहुधा कांदा-लसूणही नसतो. म्हणजे तुमच्या सासूबाईंचा चातुर्मास हनोईच्या आचाऱ्याला आपल्याकडच्या एखाद्या हॉटेलवाल्यापेक्षा लवकर कळेल. बोट ठरवतानाच लिहून कळवा, चढताना पुन्हा सांगा. तरी थेपले, मेतकूट आणि लीलो चिवडा पिशवीत असू द्या, वाद नको. रात्री डेकवर गळ टाकून माखूळ पकडायचा खेळ असतो. बहुतेकांना काहीच लागत नाही, त्यामुळे तोही तुमच्या घराला चालण्यासारखा आहे.

आता तुमचं.

‘माझं काय, मी बसेन.’ असं लिहिणाऱ्या बायकांची पत्रं मला इतकी येतात की आता मी प्रश्नाच्या आधी ते वाक्य शोधते. घरातले सगळे पाण्यात, आणि आई काठावर चपला, चष्मे, मोबाइल, टॉवेल मांडीवर घेऊन. ‘मला आवडतं असंच बसायला’ असं ती म्हणते. कधी खरंही असतं. तुमच्या बाबतीत ते खरं आहे का, हे मला माहीत नाही. पण तुम्ही ‘मला नको’ असं कुठेच लिहिलेलं नाही. ‘मला पोहता येत नाही’ एवढंच लिहिलंय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कयाकला पोहता येणं लागत नाही, जॅकेट लागतं. तिथल्या बहुतेक कयाका दोघांच्या असतात, प्लास्टिकच्या, वरून उघड्या. पाय आत अडकत नाहीत. उलटलीच तर माणूस बाजूला पडतो आणि जॅकेट त्याला वर ठेवतं. जॅकेट नीट बसलंय की नाही ते असं बघा. सगळे पट्टे ओढा, मग मुलाला सांगा दोन्ही खांद्यांवर धरून वर उचल. जॅकेट कानापर्यंत आलं तर सैल आहे, दुसरं मागा. लाजू नका, तिथे गठ्ठ्याने असतात. पुढे बसणाऱ्याने लय धरायची, मागच्याने दिशा. जड माणूस मागे. वल्हं दोन्ही बाजूंना पात्याचं असतं, त्यावरून पाणी ओघळत कोपरापर्यंत येतं आणि तिथून मांडीवर. पाच मिनिटांत बैठक भिजते, हे धरूनच चाला. जीन्स नको, लवकर वाळणारी लेगिंग आणि आखूड कुडता बरा. चष्म्याला दोरी. बांगड्या खोलीत काढून ठेवा, मंगळसूत्र जॅकेटच्या आत.

मी गेले होते तेव्हा आमच्या पुढे एक नवरा-बायको होते, गुजरातीच असावेत, सगळा वेळ गोल गोल फिरत होते. दोघंही दिशा देत होते, लय कुणीच धरत नव्हतं. शेवटी बाई म्हणाल्या, “तमे बेसी रहो, हुं चलावुं छुं,” आणि कयाक सरळ निघाली. मला त्यांचा हेवा वाटला, आमची अजून खडकाला घासत होती. त्या दिवसानंतर मी सगळ्यांना सांगते की नवऱ्याबरोबर बसू नका, मुलाबरोबर बसा. तुम्ही पुढे, तो मागे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आईला कुठेतरी घेऊन जायची संधी या वयात फारशी मिळत नाही.

पण थेट तिथे जाऊन बसू नका. लालबाग किंवा सरदारबाग, जवळ पडेल त्या पालिकेच्या तरणतलावात बायकांच्या वेळेला जाऊन बघा. पोहायला शिकायला दोन महिने पुरतील न पुरतील, ते सोडा. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तोंड बुडवणं, नाकातोंडात पाणी गेलं तरी न गडबडणं आणि पाठीवर पडून हातपाय सैल सोडणं, एवढं जमलं की काम झालं. पाण्यात पडल्यावर माणूस घाबरून धडपडतो तिथे घोटाळा होतो. ती धडपड एकदा लालबागेत करून घ्या. पायऱ्यांसाठी पावागढ आहेच. रोपवेने वर गेलात तरी पुढे मंदिरापर्यंत पायऱ्या राहतात, त्यावर मिस्टरांच्या गुडघ्याचं खरं मत कळेल. गुडघा नाही म्हणाला तर टिटॉपचा मोह असलेली बोट घेऊच नका.

मग सासूबाईंजवळ कोण? मिस्टर. त्यांचा गुडघा, त्यांची आई, आणि डेकवर चहा मिळतो. बहुतेक ठिकाणी कयाकऐवजी बांबूच्या नावेतही बसता येतं, तिथली माणसं वल्हवतात, आपण नुसतं बसायचं. दोघांनाही ते पटलं तर सगळेच एका वेळी पाण्यावर असाल. बॅगा खोलीत कुलूप लावून राहतात. मोबाइल गळ्यात अडकवायच्या पाणबंद पिशवीत, आणि तो ज्याचा त्याने सांभाळायचा. हे सगळं बोटीवर चढल्यावर नाही, इथे बडोद्यातच, जेवणाच्या टेबलावर ठरवून टाका. तिथे जाऊन ठरवायला गेलात तर सवयीने बॅग तुमच्याच हातात येईल, आणि ती कुणी दिली हे कुणाला आठवणारही नाही.

मिस्टर कुरकुरले तर त्यांना एक सवलत द्या. सकाळी सहाला डेकवर ताई-ची हा संथ चिनी व्यायाम असतो, तिथे त्यांना आणि सासूबाईंना पाठवा, तुम्ही झोपा. किंवा तुम्ही जा आणि त्यांना झोपू द्या. पण या दोन्हींपैकी काय, हे तुम्ही ठरवा.

राहिलेलं झटपट सांगते. अहमदाबादहून हनोईला थेट विमानं आहेत, पण ठरावीक वारीच, तेव्हा बोटीची तारीख विमानावरून ठरवा. उतरल्या दिवशी बोट धरू नका. बोटीची बस हनोईतून सकाळी आठ-साडेआठला निघते, विमान दोन तास उशिरा आलं की गेली. रात्रभर जागून कयाकवर बसणंही नको. परतीचं विमान बोटीवरून उतरल्या दिवशीचं नको, मध्ये एक रात्र हनोईत ठेवा. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे. प्रवासविम्यात कयाक आणि सायकल धरतात का ते फोन करून विचारा, ‘साहसी खेळ’ म्हणून वगळतात काही जण. सासूबाईंच्या वयामुळे त्यांचा हप्ता वेगळा पडेल, आणि रक्तदाब वगैरे असेल तर तो लपवू नका, दावा तिथेच अडतो. बोट लागण्याच्या गोळीचं त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या, आधीच्या औषधांबरोबर चालते का ते.

व्हिसा ऑनलाइन मिळतो, एकदाच प्रवेशाचा 25 डॉलरला, आणि नव्वद दिवसांपर्यंतचा. सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. तशाच दिसणाऱ्या दलालांच्या साइट्स दुप्पट-तिप्पट घेतात. तीन कामाचे दिवस म्हणतात, तुम्ही तीन आठवडे धरा. आणि नावं पासपोर्टवर आहेत तश्शीच घाला, मधल्या नावासकट. आपल्याकडे बायकांच्या पासपोर्टवर कधी माहेरचं, कधी सासरचं, कधी नवऱ्याचं नाव मध्ये, कधी नाहीच, असा सगळा मामला असतो. सासूबाईंचा पासपोर्ट आजच काढून बघा. परतीच्या तारखेपुढे सहा महिने तो चालू नसेल तर आधी त्याचं नूतनीकरण, बोटीचं मग बघू.